समुद्रापलीकडची चढाई आणि उतरण्याचे घर

'सिव्हिलायझेशन ५' या संगणकावरच्या, पाळीपाळीने खेळायच्या राज्यविस्ताराच्या खेळात शेजारच्या राज्यावर चालून जाणे आणि समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडावर चालून जाणे, या दोन स्वाऱ्यांमध्ये सैन्यापेक्षा हिशेबाचा फरक मोठा असतो. जमिनीवर डाव उलटला तर तुकड्या नकाशावरची दोन षटकोनी घरे मागे घेऊन पुन्हा उभ्या करता येतात. समुद्रापलीकडे पाठीशी फक्त पाणी उरते. म्हणून या मोहिमेचा आराखडा शत्रूच्या किनाऱ्यावर पहिली तुकडी जिथे पाय ठेवणार, त्या षटकोनी घरापासून सुरू करावा आणि तिथून मागे मागे येत आपल्या बंदरापर्यंत पोहोचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण खेळाच्या नियमांतच आहे. 2005 साली आलेल्या चौथ्या भागात एका गॅलियनमध्ये (शिडाच्या मोठ्या जहाजात) तीन तुकड्या भरून त्या सगळ्या एकाच घरात उतरवता येत असत. 2010 च्या पाचव्या भागाने एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम आणला आणि किनाऱ्याची रुंदी हाच कळीचा प्रश्न झाला. त्यातच पाण्यातून जमिनीवर उतरताना तुकडीची त्या टर्नमधली, म्हणजे पाळीतली, सगळी उरलेली चाल संपते (डेन्मार्क घेऊन खेळणाऱ्याला यात सवलत आहे, पण सगळेच काही डेन्मार्क घेत नाहीत). म्हणजे उतरलेली तुकडी त्या टर्नला काहीच करू शकत नाही, आणि पहिला घाव घालण्याची संधी शत्रूला मिळते. शहराचा मारा दोन घरांपर्यंत पोहोचतो, आणि तोफांना तर गोळा टाकण्याआधी मांडणी करावी लागते. स्वारी तगणार की फसणार, हे बहुधा या एका टर्नमध्येच ठरते.

माझ्या सध्याच्या डावात समोर ग्रीसच्या अलेक्झांडरचे कोरिंथ हे शहर आहे. शहराला लागून किनाऱ्यावर जमिनीची तीनच घरे आहेत. एकात डोंगर असल्याने ते बाद, दुसऱ्यात दलदल असल्याने तिथे उभी राहणारी तुकडी आयतीच सापडणार, आणि तिसऱ्यात जंगलाने झाकलेली टेकडी. नकाशा झूम करून पाहिला, तर उतरण्याजोगे घर खरोखर एकच निघते. एका घरात एकच तुकडी मावते म्हटल्यावर बंदरात दहा तुकड्या तयार असल्या काय आणि चार असल्या काय, पहिल्या टर्नला दोन्हींचे मोल सारखेच!

अशा ठिकाणी शहर पाण्यातूनच घ्यावे, हे उत्तम. नॅव्हिगेशन हे तंत्र हाती आले की फ्रिगेट (लांबून तोफा डागणारे) आणि प्रायव्हटियर (जवळ जाऊन भिडणारे) ही दोन्ही जहाजे बांधता येतात. फ्रिगेट दोन घरांवरून शहराची तटबंदी ढासळवते. पण लांबून मारा करणारे जहाज शहर ताब्यात घेऊ शकत नाही, ते काम प्रायव्हटियरचे. फ्रिगेटला लोखंड लागते, त्यामुळे आरमाराचा आकार शेवटी आपल्या खाणींवर ठरतो. शिवाय जहाजे मित्रभूमीच्या पाण्याबाहेर आपोआप दुरुस्त होत नाहीत. सप्लायची बढती (परक्या पाण्यातही दुरुस्ती होऊ देणारी) किंवा ग्रेट ॲडमिरल (जहाजे दुरुस्त करू शकणारा आरमाराचा खास सेनानी) सोबत नसेल, तर निम्मे आरमार जखमी अवस्थेत परत फिरते. तुकड्या मोजण्यात रमलेल्या खेळाडूंना ही गोष्ट उशिरा कळते.

आता गुप्ततेविषयी. खोल समुद्रावर वाट पाहणारे माझे आरमार बघून भाच्याने विचारले, "मामा, एवढी जहाजं असताना थांबलात कशाला?" थांबण्याचे कारण असे, की सीमेजवळ सैन्य जमले की समोरचा राजा जाब विचारतो, आणि 'आम्ही सहज चाललो आहोत' असे सांगून लगेच युद्ध पुकारले, तर दिलेला शब्द मोडल्याचा डाग सगळ्या राज्यांच्या दरबारी लागतो. त्यापेक्षा तिसऱ्या राज्याला सोने देऊन अलेक्झांडरच्या दुसऱ्या सीमेवर युद्ध लावून द्यावे आणि त्याचे सैन्य तिकडे ओढले गेले की किनाऱ्याकडे वळावे. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना हे वेगळे शिकवायला नको. 1296 साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला तेव्हा रामदेवरायाचे मोठे सैन्य युवराजासोबत दूर होते, आणि घाईने गडावर नेलेली धान्याची पोती मिठाची निघाली, असे सांगितले जाते. याच्या अगदी उलट प्रकार पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीचा. 18 मार्च 1915 रोजी दोस्तांच्या आरमाराने दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत घुसण्याचा प्रयत्न केला, त्यात तीन युद्धनौका सुरुंगांमुळे बुडाल्या, आणि सैन्य किनाऱ्यावर उतरले ते थेट 25 एप्रिलला. मधल्या पाच आठवड्यांत तुर्कांना किनारा बांधून काढण्यास पुरेसा वेळ मिळाला. खेळातही तोफांचा पहिला आवाज आणि उतरण्याची टर्न यांत असे अंतर पडू देऊ नये.

आमच्याकडे सागर म्हटले की पैठणचा नाथसागर आठवतो, आणि परभणीला तर तोही दूर. तरीही आरमाराचा हा नाद मला लागला आहे खरा.

कोरिंथ हाती आले तरी ते लगेच कामाचे ठरणार नाही. घेतलेल्या शहरात काही टर्न बंडाळी चालते, तटबंदी खिळखिळी झालेली असते, आणि शत्रूने नेटाने उलटा हल्ला केला तर ते हातचे जाते. म्हणून पहिली ताजी तुकडी त्याच टर्नला शहरात शिरली पाहिजे. ते मी पपेट (आपला कारभार आपणच पाहणारे मांडलिक शहर) म्हणून ठेवणार आहे, कारण सामील करून घेतले तर प्रजेची जास्तीची नाराजी माझ्या माथी येते. अलेक्झांडरचे दुसरे शहर स्पार्टा मात्र किनाऱ्यापासून आत आहे, आणि फ्रिगेटच्या नेमाच्या आड टेकड्या येतात. तिथे डायनामाइट संशोधून तीन घरांवरून मारा करणारी आर्टिलरी (लांब पल्ल्याच्या तोफा) उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही, असे ठरवले आहे. तोवर कोरिंथच्या बंदरात दोन प्रायव्हटियर पहाऱ्याला राहतील आणि बाकीचे आरमार दुरुस्तीला लागेल.