टाके फक्त कातडीला होते

पहिल्या बाळंतपणात बहुतेक स्त्रियांना खाली थोडीफार जखम होतेच. ती कातडीपुरती किंवा लगतच्या स्नायूपर्यंत असेल, तर टाके घातल्यावर काही आठवड्यांत भरून येते. माझी जखम त्याहून खोल, गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत गेली होती आणि डॉक्टर तिला तिसऱ्या श्रेणीची म्हणतात, हे मला बाळ रांगू लागल्यावर कळले.

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बाळंतपण एका सरकारी रुग्णालयात झाले. त्या रात्री सगळ्या बाळंतिणींना मिळून एकच सिस्टर होत्या, वीज ये-जा करत होती, आणि कळा मंदावल्यावर मावशींनी माझ्या पोटावर कोपराने जोर दिला. असा दाब देऊ नये, सरसकट चीरही देऊ नये, उलट डोके बाहेर येताना गरम ओल्या कापडाने शेक द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितलेले आहे. तरीही फाटल्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही; पहिलटकरीण असेल आणि बाळ वजनदार असेल, तर निष्णात हातांखालीही फाटते. माझी तक्रार त्यानंतरच्या काही मिनिटांविषयी आहे. टाके घालण्यापूर्वी गुदद्वारात बोट घालून स्नायू शाबूत आहे का, एवढे पाहायला यंत्र लागत नाही. हातमोजा, पुरेसा उजेड आणि थोडी सवड लागते. ते झाले नाही. मोबाइलच्या टॉर्चवर वरची कातडी शिवली गेली आणि डिस्चार्ज कार्डावर ‘नॉर्मल प्रसूती’ एवढेच लिहिले गेले.

घरी आल्यावर वायू अडवता येईना, शौचाची भावना झाली की मोरीपर्यंत पोचण्याइतकीही उसंत मिळेना, आणि पोट बिघडले की लुगडे बदलावे लागे. आई म्हणाली, “अगं, बाळंतिणीचं अंग सैल पडतंच, सवा महिन्यात येईल जागेवर.” आशाताई नेमाने येत होत्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांनी तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या असतात. पोटभर जेवण किती वेळा होते, कपडे किती वेळा बदलावे लागतात, ताप आहे का, अंगावरून घाण वासाचे जाते का, दूध येते का, हे सारे त्या विचारीत आणि बाळाचे वजन करीत. शौचावर ताबा आहे का, हा प्रश्न त्यांच्या फॉर्मवर नव्हता, आणि न विचारता असली गोष्ट कोण सांगणार? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम 8 टक्के. अंगावर काढणे म्हणतात ते हेच.

शाळेत रुजू झाल्यावर मी सकाळी उपाशीच निघू लागले, पिशवीत पाण्याची बाटली आणि जादा परकर ठेवू लागले, आणि दाराशी उभी राहून वर्ग घेऊ लागले. जवळच्या एका डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याधीचे मलम लिहून दिले. शेवटी जाऊबाईंनी खोदून विचारले आणि त्याच मला धुळ्याला एका सर्जनबाईंकडे घेऊन गेल्या.

त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “वायू अडवता येतो का तुम्हाला?” आजवर कोणी हे विचारले नव्हते, मला रडू फुटले. मग त्यांनी बोटाने तपासले, आवळून धरायला सांगितले, आतून सोनोग्राफी करवून घेतली आणि केसपेपरच्या पाठीमागे एक गोल काढला. “हा स्नायू बांगडीसारखा असतो. तुमची बांगडी पुढच्या बाजूने तुटली आहे, आणि दोन्ही टोकं मागे सरकली आहेत.” अशी जखम प्रसूतीनंतर लगेच ओळखून नीट शिवली, तर वर्षभरानंतर 60 ते 80 टक्के स्त्रियांना काही त्रास उरत नाही, हेही त्यांनीच सांगितले, उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेची तेवढी हमी त्यांनी दिली नाही, आणि दिली नाही हे मला आवडले.

आधी काही महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केले, त्याने थोडाच फरक पडला. नंतर कमरेत भूल देऊन स्नायूची टोके व्रणातून मोकळी करून एकमेकांवर चढवून शिवली. पुढचे पथ्य ऑपरेशनपेक्षा जड गेले. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून शौच मऊ राहायला हवे. त्यासाठी लॅक्टुलोजचे औषध, भरपूर पाणी आणि कोमट पाण्यात बसणे. आमच्याकडे मात्र ओल्या अंगाच्या बाईला पाणी तोलूनमापून देतात, आणि सासूबाईंच्या लेखी मी पुन्हा बाळंतीणच होते. पाण्याचा तांब्या जाऊबाई गुपचूप भरून ठेवीत.

आता घट्ट शौचावर ताबा आहे, पातळ झाले तर अजून धांदल उडते, आणि वायू कधी कधी दगा देतो. व्यायाम चालूच आहेत. आमच्या आशाताई फॉर्म भरून झाला की तो एक प्रश्न आपण होऊन विचारतात. पुढचे मूल सिझेरियननेच व्हावे, असे सर्जनबाईंनी माझ्या कागदावर लाल शाईने लिहून दिले आहे. पहिले ‘नॉर्मल’ झाले असताना दुसऱ्याला पोट कशाला फाडायचे, हा सासूबाईंचा प्रश्न अजून मिटलेला नाही.