तुम्ही विचारलंत म्हणून : हॉप्सशिवाय बिअर कडू कशी होते, आणि टिकते कशी?

मी घरी बिअर करते आणि तिच्यात हॉप्स घालत नाही, रानातून खुडून आणलेला पाला आणि फुलं घालते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अहो, पण मग ती कडू कशानं होणार? आणि टिकणार कशी?" विचारणाऱ्यांत स्वतः घरी बिअर करणारेही असतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हॉप्सना त्यांचं श्रेय द्यावं लागतं.

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. त्यांच्या पाकळ्यांसारख्या पापुद्र्यांच्या तळाशी पिवळी चिकट भुकटी असते आणि तिच्यात अल्फा आम्लं असतात. वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्यात, ही फुलं तासभर उकळली की त्या आम्लांची रचना बदलते, ती वर्टमध्ये उतरतात आणि कडूपणा येतो. उकळी संपताना घातलेली फुलं सुगंध देतात. हीच आम्लं फेस धरून ठेवतात, आणि बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. एका फुलात चार कामं! शिवाय पाकिटावर अल्फा आम्लांची टक्केवारी छापलेली असते, त्यामुळे किती ग्रॅम घालायचे याचा हिशेब चूल पेटवण्याआधीच मांडता येतो.

युरोपात हॉप्सचं राज्य यायला मात्र काही शतकं जावी लागली. आजच्या बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या पट्ट्यात मध्ययुगात बिअरमध्ये ग्रूट नावाचं मिश्रण पडायचं. त्यात मुख्यतः पाणथळ जागी वाढणारं बॉग मर्टल हे सुगंधी झुडूप असे, आणि जोडीला पांढऱ्या फुलांच्या यॅरोसारख्या रानवनस्पती. ग्रूट विकण्याचा हक्क राजसत्तेकडून मिळायचा. सम्राट दुसऱ्या ऑटोनं ९७४ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या लिएजच्या चर्चला असा हक्क दिला होता. बेल्जियममधल्याच ब्रूज शहरात तो ज्या घराण्याकडे होता त्याला ग्रूटहूझ हेच नाव पडलं. त्यांचा वाडा आज संग्रहालय आहे. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन मठवासी विदुषीनं लिहून ठेवलं होतं की हॉप्सच्या कडूपणामुळे पेयं नासत नाहीत. टिकणारी बिअर जहाजानं लांब पाठवता येते, त्यामुळे व्यापाऱ्यांनी हॉप्स उचलून धरले. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात बिअरमध्ये घालायला बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्याच गोष्टी उरल्या होत्या.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते उदाहरण मात्र ग्रूटचं नाही, इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं आहे. १७७३ मध्ये त्याचं जहाज न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये थांबलं होतं. स्कर्व्हीपासून खलाशांना वाचवण्यासाठी त्यानं तिथल्या रिमू झाडाचे शेंडे उकळून, काकवी घालून बिअर करवली. ती फार तुरट झाली, तेव्हा त्यानं निम्मा पाला मानुका या तिथल्याच झुडपाचा घातला आणि तुरटपणा बराच कमी झाला. हॉप्सशिवाय बिअर करणाऱ्याचं सगळं काम यात आलं. झाड अनोळखी, हाताशी कोणता आकडा नाही, फक्त जीभ आहे; एका पाल्यानं बिघडलं ते दुसऱ्यानं सावरायचं.

तर "कडू कशानं होते?" याचं उत्तर एका झाडाचं नाव सांगून देता येत नाही. हॉप्सची चारही कामं तितक्या सफाईनं करणारी दुसरी वनस्पती माझ्या वापरात नाही. म्हणून मी कामं वाटून देते. कडूपणासाठी यॅरो किंवा मगवर्ट ही कडवट रानवनस्पती. मगवर्ट दवण्याच्याच कुळातलं. डँडेलियनची पानं आणि मुळंही चालतात, पण त्यांचा कडूपणा मला जरा एकसुरी वाटतो. सुगंधासाठी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे कोवळे शेंडे, नाहीतर एल्डर या झुडपाची फुलं. नेटल या अंगाला झोंबणाऱ्या रोपाच्या कोवळ्या शेंड्यांची बिअर हलकी आणि हिरव्या चवीची होते. उकळल्यावर त्यांचं झोंबणं पार जातं. हॉप्सशिवाय फेस थोडा कमी येतो, ते मी मान्य करून टाकला आहे. एक फायदाही मिळतो. हॉप्सच्या बिअरवर ऊन पडलं की जो घाण वास सुटतो, तो हॉप्समधल्याच घटकांमुळे येतो. हॉप्स नाहीत तर तो वासही नाही, मग बाटली कोणत्याही रंगाची असो.

आता खरी गोष्ट, म्हणजे प्रमाण. यॅरोच्या पुडीवर टक्केवारी नसते, आणि असती तरी उपयोग नव्हता. वसंतातली कोवळी पानं सौम्य असतात, भर फुलोऱ्यातले शेंडे सुगंधी आणि बरेच जास्त कडू. कोरड्या उतारावरचं झाड आणि ओढ्याकाठचं झाड यांतही मला फरक लागतो. म्हणून दर वेळी आणलेल्या पाल्याचा आधी छोटा काढा करायचा. साध्या पाण्यात नको, वर्टमध्येच: अर्धा लिटर पाणी, ५० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड), १ ग्रॅम वाळलेला यॅरो. झाकण ठेवून मंद उकळायचं आणि दर दहा मिनिटांनी चमचाभर गार करून चाखायचं. पहिल्या दहा मिनिटांत गवताची चव लागते. मग कॅमोमाइलची आठवण करून देणारा वास वर येतो. अर्ध्या तासानं कडूपणा उतरलेला असतो, पण तो हॉप्ससारखा लगेच भिडत नाही. घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी येतो आणि टाळू कोरडी करून थोडा वेळ तिथेच थांबतो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. वर्ट गोड असतं आणि ती गोडी कडूपणा झाकते. आंबवताना यीस्ट बहुतेक साखर खाऊन टाकतं, कडूपणा मात्र जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे गोड वर्टमध्ये "वा, अगदी बेताचं कडू" वाटलं, तर तयार बिअर जास्तच कडू लागणार. वर्ट चाखताना कडूपणा थोडा कमी वाटायला हवा. मी त्या अर्ध्या लिटरमध्ये चिमूटभर यीस्ट टाकून तो आठवडाभर सैल झाकून आंबवते आणि पुन्हा चाखते. एवढं केलं की मोठ्या भांड्यात किती घालायचं ते जीभ स्वतःच सांगते. हॉप्स वापरणाऱ्यांना हे करावं लागत नाही, आणि मला वाटतं त्यात ते एका मोठ्या आनंदाला मुकतात. याच कामासाठी मी रानात जाते.

टिकण्याचं उत्तर सरळ आहे: कमी टिकते. यॅरो आणि बॉग मर्टल जिवाणूंना काहीसं आवरतात, पण हॉप्सची सर त्यांना नाही. उकळलेलं वर्ट, अल्कोहोल आणि आंबलेल्या बिअरचा ४ ते ४.५ च्या आसपासचा पीएच यांच्यामुळे ती घातक होण्याचा संभव फार कमी असतो. बिघडलीच तर बहुधा आंबट होते. म्हणून उकळी थांबल्यापासून बाटली भरेपर्यंत ज्या ज्या वस्तूचा वर्टला किंवा बिअरला स्पर्श होतो ती निर्जंतुक हवी. हॉप्सवाल्यांनी यात थोडी ढिलाई केली तर कधीकधी निभावून जातं. आपलं निभावत नाही.

ओळखीबाबत मी फार कडक आहे, आणि त्यात सूट कुणालाच देत नाही. यॅरोसारखाच पांढऱ्या फुलांचा झुपका आणि कातरलेली पानं हेमलॉकलाही असतात. सॉक्रेटिसला दिलं गेलं ते विष त्याचंच मानलं जातं. हेमलॉकचा देठ गुळगुळीत, पोकळ आणि जांभळ्या डागांचा असतो. यॅरोचा देठ लवदार, आणि पान पिसासारखं अरुंद, बारीक चिरलेलं, चुरगळलं की औषधी वास येणारं. स्प्रूसची सुई चौकोनी असते, दोन बोटांत सहज फिरते, आणि ती गळून पडलेल्या जागी फांदी खरखरीत लागते. यू या विषारी झाडाची सुई चपटी आणि मऊ, बोटांत फिरत नाही, आणि तिला राळेचा वास नसतो. फोनमधल्या अ‍ॅपनं दिलेलं नाव म्हणजे ओळख नव्हे. जाणत्या माणसासोबत निदान एक हंगाम हिंडावं. रस्त्याकडेचं आणि फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचं काही घेऊ नये. स्प्रूसचा मधला वरचा शेंडा कधीच तोडू नये, झाडाची वाढ तिथूनच होते. गरोदर स्त्रियांनी मद्यच टाळायचं असतं, मगवर्ट आणि यॅरो तर त्यांना काढ्यातूनही देऊ नयेत. शेवंती-डेझीच्या कुळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही या दोन्हींपासून लांब राहावं. आणि घरी मद्य आंबवायला आपण राहतो तिथला कायदा परवानगी देतो का, हे सगळ्याच्या आधी पाहावं. कित्येक ठिकाणी त्याला परवाना लागतो किंवा साफ मनाई असते.

सुरुवात ५ लिटरनं करा. ६ लिटर पाण्यात ५५० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट विरघळवून उकळी आणा. काढ्याचा अंदाज वेगळं सांगत नसेल तर ८ ग्रॅम वाळलेला यॅरो अर्धा तास उकळा. शेवटच्या पाच मिनिटांत ५० ग्रॅम स्प्रूसचे शेंडे. शेंडे वसंतात येतात तेव्हा यॅरोला फूल नसतं, त्यामुळे यॅरो आदल्या उन्हाळ्यात सावलीत सुकवून ठेवलेला लागतो. भांडं गार पाण्यात ठेवून लवकरात लवकर २० अंशांवर आणा, गाळून फरमेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, ओता, एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट टाका, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी तोटी) लावा. हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीवर, सुरुवातीला १.०४० च्या आसपास आकडा दिसेल. दोनेक आठवड्यांनी तो १.०१० च्या जवळ येऊन सलग तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा, नाहीतर त्या फुटू शकतात. भरताना सगळ्या बिअरला मिळून ३० ग्रॅम साखर. अल्कोहोल साधारण ४ टक्के येतं.

बाटल्या दोन आठवडे खोलीत ठेवा, मग फ्रिजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवा. स्प्रूसचा वास सगळ्यांत आधी उतरतो, म्हणून पहिल्या दोन-तीन बाटल्या लवकर उघडल्या तर बरं. त्यानंतरच्या बाटल्यांत यॅरो पुढे येतो, आणि मला त्या जास्त आवडतात.