सुई मणक्यात, नस गुडघ्यापाशी
पेशंट आत आले ते हातात फाइल उघडूनच. वय ४३. उजवं पाऊल पाच आठवड्यांपासून चालताना फरफटतंय, पावलाची वरची बाजू बधिर, कंबरदुखी जुनीच. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली. ‘सायटिका आहे, नस सुकत चाललीय, गादीत स्टेम सेल (मूळपेशी) सोडू’ असं सांगून एका ठिकाणी तारीखही दिलेली. माझं मत त्यांना हवं होतं, पण बहुधा होकारापुरतंच.

आधी चालायला लावलं. चवड्यांवर सहज चालले, टाचांवर जमेना. अंगठा वर उचलायची ताकद ५ पैकी २. इथवर सगळा संशय कंबरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघणाऱ्या एल-५ नसेवरच. पण उताणं झोपवून सरळ पाय उचलला, तर ८० अंशांपर्यंत कळ नाही. गादीने नस दाबली असेल तर बहुधा ३० ते ७० अंशांच्या दरम्यानच पेशंट ‘थांबा’ म्हणतो.

मग पाऊल बाहेर वळवायला सांगितलं, जवळजवळ शून्य. आत वळवायला सांगितलं, पूर्ण ताकद. ही तपासणी करताना घोटा हाताने काटकोनात धरावा लागतो. लोंबकळत्या पावलावर ती केली की आत वळवणारा स्नायूही उगाच दुबळा वाटतो आणि निदान थेट कंबरेकडे जातं. शेवटी कुशीवर वळवून मांडी वर उचलायला लावली, तीही भक्कम. हे दोन्ही स्नायू एल-५वरच चालतात, पण त्यांच्याकडे जाणारा रस्ता वेगळा. नस मुळाशी दबली असती तर तेही ढिले पडले असते. म्हणजे अडथळा खाली होता.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्याच्या जरा खाली बोटाने टकटक केली. झिणझिण्या थेट पावलावर! तिथे पाऊल वर उचलणारी पेरोनियल नस हाडाला चिकटून, जेमतेम कातडीखालून जाते. वजनाचं विचारलं. चार महिन्यांत १४ किलो कमी केलेलं, आणि दिवसभर पायावर पाय टाकून बसायची सवय. नसेवरची चरबीची उशी गेली, दाब तेवढाच राहिला. नर्व्ह कंडक्शनमध्ये, म्हणजे नसेतून संदेश कसा जातो ते मोजणाऱ्या तपासणीत, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत संदेश ठणठणीत, गुडघा ओलांडताना मात्र निम्म्याहून कमी. तंतू जिवंत होते, फक्त वाट अडली होती.

आणि एमआरआयमधली ती गादी? काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी विशीत सुमारे ३० टक्के आणि ऐंशीत सुमारे ८४ टक्के जणांत दिसते. नुसता फोटो बघून सुई टोचायची नसते.

त्या सुईचंही सांगायला हवं. कंबरेच्या हाडातून मज्जा ओढतात. एकाच जागेवरून जास्त ओढली की साधं रक्तच मिसळतं. सेंट्रिफ्यूज करूनही (यंत्रात वेगाने फिरवून वेगळं करूनही) हाती येणाऱ्या द्रवात खऱ्या मूळपेशी हजारांत एकही नसते. त्यातला एक-दोन मिली गादीत सोडतात. गादीत रक्तवाहिन्या जवळपास नाहीत, प्राणवायू कमी, वातावरण आम्लधर्मी. तिथे पेशी तगणंच अवघड. जंतुसंसर्ग झाला तर कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स. अभ्यास झालेत तेही बहुतेक गादीच्या झिजेमुळे होणाऱ्या कंबरदुखीवर. दबलेली नस त्याने मोकळी होत नाही. इथे तर नस त्या गादीपासून दोन हात लांब दबलेली.

मला खटकलं ते पुढचं. असा दाब निघाला की नस बहुधा काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत आपोआप सावरते. इंजेक्शननंतर या गृहस्थांनी पायावर पाय टाकणं सोडलं असतं, पाऊल सुधारलं असतं आणि श्रेय गेलं असतं स्टेम सेलला.

पायावर पाय आणि उकिडवं बसणं बंद, रात्री गुडघ्याला बाहेरून मऊ पॅड, चालताना घोट्याचा स्प्लिंट, आणि घोटा आखडू नये म्हणून पोटरीचं स्ट्रेचिंग, एवढंच लिहून दिलं. लघवी अडली, जांघांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा दुसरा पाय कमजोर झाला तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं, हे मात्र दोनदा बजावलं. बाहेर आलेली गादी त्यांना होतीच.

सातव्या आठवड्यात अंगठा ५ पैकी ४. कंबर अजून दुखते. तिचे व्यायाम वेगळे चालू आहेत.