आमच्या १९७३ च्या सेलिकाचे इंजिन पुन्हा बांधताना

दसऱ्यानंतर उतरवलेले आमच्या टोयोटा सेलिकाचे इंजिन गुढीपाडव्याच्या आठवड्यात पुन्हा गाडीत बसले आणि वैशाखाच्या उन्हात दीड हजार किलोमीटर चालले, तेव्हा आता या कामाविषयी सविस्तर लिहायला हरकत नाही. बडोद्यात वाडी भागातल्या आमच्या घरामागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, हे काम सहा महिने चालू होते. एवढी खटपट करण्यापेक्षा आजच्या एखाद्या गाडीचे इंजिन का बसवत नाहीस, हा प्रश्न या काळात इतक्या जणांनी विचारला की, त्याचे उत्तर एकदा लिहूनच ठेवावे असे वाटले.

अलकापुरीत राहणारे एक गुजराती काका नैरोबीहून बडोद्यास परतले तेव्हा त्यांनी ही गाडी सोबत आणली होती. सेलिका १९७० च्या टोकियो मोटर शोमध्ये लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात विकली जाऊ लागली. आमची गाडी त्या पहिल्या पिढीतली आहे. तिच्यातले टू-टी इंजिन १५८८ सीसीचे, म्हणजे ८५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव). ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा सांगाडा, बीडाचा, त्यावरचे झाकण म्हणजे हेड ॲल्युमिनियमचे, पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकला पाच मेन बेअरिंग, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि त्याची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारे पुशरॉड. याच इंजिनाचे थोरले रूप म्हणजे यामाहाने घडवलेल्या ट्विन-कॅम हेडचे आणि दोन कार्ब्युरेटरचे टू-टी-जी. सेलिकाचे नाव निघाले की जाणकारांना आधी तेच आठवते. आमचे इंजिन मात्र साधे, एका कार्ब्युरेटरचे आहे. तरीही त्याची जात चांगली आहे, कारण दहनकक्ष अर्धगोलाकार असून मिश्रण एका बाजूने आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. याच टी कुळातल्या इंजिनाला टर्बो जोडून सेलिकाने १९८४, १९८५ आणि १९८६ अशी सलग तीन वर्षे केनियातली सफारी रॅली जिंकली. गाडी केनियातूनच आलेली असल्यामुळे ही गोष्ट काकांनी मला कितीतरी वेळा सांगितली आहे.

इंजिन बदलायचे नाही, या निर्णयामागे दोन कारणे होती. पहिले कारण कायद्याचे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी जे नियम काढले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे टिकते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असेल तर ही वाट बंद होते. अशी नोंदणी झालेली गाडी रोज रस्त्यावर काढता येत नसल्यामुळे मी अजून अर्ज केलेला नाही, पण ती वाट माझ्या हाताने बुजवायची माझी तयारी नाही. दुसरे कारण काकांचे. गाडीची किल्ली देताना ते म्हणाले होते, "भाऊ, रंग हवा तो लावा, पण हिचा आवाज बदलू नका." मी त्यांना शब्द दिला होता. म्हणून ब्लॉक तोच, हेड तेच आणि कार्ब्युरेटर तोच ठेवून, बाहेरून न दिसणारी प्रत्येक गोष्ट पूर्वीपेक्षा चांगली करायची, असे ठरले.

इंजिन उतरवण्यापूर्वी मी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये १४०, १४५ आणि १४० पीएसआय मिळाले, तिसऱ्यात मात्र ९५. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले तर काटा शंभरावरच थांबला. रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलने फट तात्पुरती बुजून आकडा बराच चढला असता. तो चढला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हची. हेड उघडल्यावर तसेच निघाले. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका कडेला जळून नखाएवढा खाल्ला गेला होता आणि त्याची सीट, म्हणजे तो ज्यावर मिटतो ती कड, आत खचली होती. जुन्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पातळ थर धरून सीटचे रक्षण करीत असे. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, आणि ते योग्यच झाले, पण त्याआधीच्या इंजिनांच्या मऊ सीटा तेव्हापासून झिजत गेल्या. सीट खचली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत होत नाहीशी होते. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि जळतो. वर्षातून एकदा फीलर गेजने फट तपासली असती तर हा व्हॉल्व्ह वाचला असता.

टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे दट्टे, काढताना माझ्या मुलीने मिठाईच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणाला आठ भोके पाडून त्यांवर क्रमांक लिहिले आणि प्रत्येक टॅपेट आपापल्या भोकात उभे केले. या इंजिनाची टॅपेट सपाट तळाची आहेत. प्रत्येकाची कॅमच्या आपल्या लोबशी (उंचवट्याशी) पन्नास वर्षांची घासण जुळलेली असते. अदलाबदल झाली तर दोन्ही झपाट्याने झिजतात.

मोजमाप मी स्वतः केले. माझे बाबा कलाभवनात यंत्रविद्या शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेने बडोद्यातल्या किती घरांना मायक्रोमीटर धरायला शिकवले असेल, याचा विचार मनात आला की मला आजही भरून येते. बाबांचा मायक्रोमीटर माझ्याकडे आहे. आधी ठोकळ्यावर शून्य तपासायचे आणि मगच माप घ्यायचे, हा त्यांचा नियम मी मोडत नाही. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी पाहिला. वरच्या भागात, जिथे पहिली रिंग वळते तिथे, सर्वांत जास्त ०.१८ मिलिमीटर झीज होती. एवढी झीज होनिंगने, म्हणजे भिंत नुसती घासून, निघत नाही. म्हणून अर्धा मिलिमीटर मोठे, मिस्त्रींच्या बोलीत वीस थाउचे (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पिस्टन दुबईतल्या एका दुकानातून मागवले आणि ते हातात आल्यावर, प्रत्येकाचा व्यास मोजूनच, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत बोअरचे काम करून घेतले. त्या वेळी ब्लॉकवर हेडऐवजी जाड लोखंडी प्लेट बसवून तिचे बोल्ट हेडच्याच ताणाने आवळले होते, कारण बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल कापलेला बोअर हेड बसवल्यावर गोल राहत नाही. मिस्त्रीकाकांनी ती प्लेट या एका कामासाठी बनवून दिली आणि तिचे पैसे घ्यायला नकार दिला. नव्या मापाने इंजिन १६०८ सीसीचे झाले आहे.

क्रँकच्या बाबतीत मात्र मला मोठा फटका बसला. जर्नल, म्हणजे त्याचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, थोडे अंडाकृती झाले होते, म्हणून ते पाव मिलिमीटर उतरवण्यासाठी मी क्रँक दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दिला. परत आला तेव्हा मापे बिनचूक होती आणि पॉलिश आरशासारखे होते. घरी आणून सहज जर्नलच्या कडेला अंगठ्याचे नख फिरवले आणि ते अडकले. जर्नल आणि त्यांना जोडणारा वेब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात कारखान्याने एक गोलाई ठेवलेली असते. ग्राइंडिंगच्या चाकाची कड तशी घडवून न घेता काम केल्यामुळे ती गोलाई गेली होती आणि तिथे काटकोनी खाच पडली होती. क्रँकवर येणारा पीळ आणि वाक सर्वांत जास्त याच कोपऱ्यात साठतो. तिथे धारदार खाच असेल तर तडा तिथूनच सुरू होतो आणि एके दिवशी चालत्या गाडीत क्रँक दोन तुकडे होतो. गेलेला धातू सहजासहजी परत भरता येत नाही. मी त्यांच्याकडे गेलो, नख फिरवून दाखवले. "सगळ्यांचे असेच करतो, कुणाची तक्रार नाही," एवढेच उत्तर मिळाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. मूळ क्रँक माझ्या हातून गेला होता, आणि गोलाई राखा असे काम देताना मी लिहून दिले नव्हते, ही चूक माझीच होती. आता देतो; ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनीही द्यावे.

दुसरा क्रँक नैरोबीतून आला. काकांच्या पुतण्याने तिथल्या जुन्या भागांच्या बाजारात एका भंगारातल्या करिनातून तो काढून पार्सलने पाठवला. करिनातही हेच इंजिन येत असे. चुंबकीय तपासणीत तडा निघाला नाही आणि जर्नल मूळ मापात होते, तेव्हा नुसत्या पॉलिशवर काम भागले. पेटीतून तो बाहेर काढताना काका मुद्दाम आले होते. ऑइलमध्ये भिजलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा त्यांनी उलगडला, त्यातली स्वाहिली वाचली आणि घडी करून खिशात ठेवला.

हेडच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि ते मला सर्वांत जास्त आवडले. कठीण धातूच्या नव्या सीटा आणि ब्राँझचे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) बसवले, सीटेला तीस, पंचेचाळीस आणि साठ अंशांचे तीन कोन दिले. मग प्रत्येक दहनकक्षावर भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती ठेवून ब्युरेटने रंगीत रॉकेल भरले. चार कक्षांत १.६ सीसीचा फरक निघाला. सर्वांत मोठ्या कक्षाला धरून बाकीचे तीन थोडे थोडे घासत समान केले आणि त्यानंतर हेडचा पृष्ठभाग पाव मिलिमीटर उतरवला, तेव्हा प्रत्येक कक्ष साडेएकावन्न सीसीच्या आसपास आला. बोअर वाढल्याचा परिणाम धरून कॉम्प्रेशनचे गुणोत्तर मूळच्या ८.५ वरून ८.८ झाले. याहून पुढे मी गेलो नाही, कारण बडोद्याच्या उन्हाळ्यात ४३ अंशांवर चढावर इंजिन ठोकू लागले, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून खडखडू लागले, तर ते तीन दशांश काही कामाचे नाहीत.

आजच्या पेट्रोलविषयी स्वतंत्र लिहिणे आवश्यक आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि १९७३ चा कार्ब्युरेटर त्यासाठी बनलेला नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तेच ठेवले तर मिश्रण सुमारे आठ टक्के कोरडे होते, म्हणजे त्यात पेट्रोल तेवढे कमी पडते. इंजिन तापते, अडखळते, आणि व्हॉल्व्ह पुन्हा जळायची तयारी सुरू होते. जेटमधून जाणारे पेट्रोल त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे आठ टक्क्यांसाठी व्यास चार टक्के वाढवावा लागतो. एक्झॉस्ट पाइपमध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर तात्पुरता बसवून मी तीन मापांचे जेट तपासले आणि मधले ठेवले. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरमधल्या रबरी चकत्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या. जुन्या नळ्या बोटांनी दाबताच आतून काळी भुकटी निघत होती. इथेनॉलचा एक फायदाही आहे, त्याने पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे न ठोकता जळण्याचा गुण, वाढतो, गुणोत्तर ८.८ पर्यंत नेताना तोच मी हिशेबात धरला होता.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पिस्टन एकमेकांत एका ग्रॅमच्या आत आणले, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके वेगवेगळी तोलली, क्रँक आणि फ्लायव्हील एकत्र बॅलन्स केले. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली, उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटऐवजी चुंबकीय पिकअप बसवला, तो बाहेरून दिसत नाही. रेडिएटरला तीन ओळींचा गाभा घातला. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील, असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो मानू नये. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेते, तोवर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढत राहते आणि रिंगा झिजतात. ऑइलही जुन्या सपाट टॅपेटांना मानवणारे, जस्ताचे प्रमाण जास्त असलेले वापरतो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी प्लग काढून, स्टार्टरने फिरवून आधी ऑइलचा दाब आणला, मग प्लग बसवून किल्ली फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले. काका शेडबाहेर खुर्चीवर डोळे मिटून बसले होते, बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, नंतर उठून बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "हीच. अगदी हीच."

पहिले पाचशे किलोमीटर हालोलमार्गे पावागडच्या पायथ्यापर्यंतच्या फेऱ्यांत झाले, वेग सतत कमीजास्त करीत, कारण रिंगा बसायला दाब लागतो आणि एकाच वेगाने हळूहळू चालवलेल्या इंजिनात तो मिळत नाही. पाचशेला ऑइल बदलले, हेडचे बोल्ट पुन्हा तपासले. परवा पुन्हा कॉम्प्रेशन घेतले: १६५, १६५, १६०, १६५. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जिथे पूर्वी गाडी मान टाकत असे, तिथे आता ती ओढत जाते. दोन हजार आरपीएमच्या आसपास पॅडल एकदम दाबले तर क्षणभर अजून अडखळते. तो दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचा, म्हणजे पॅडल दाबताच जास्तीचे पेट्रोल सोडणाऱ्या भागाचा, आहे. त्याचा पडदा मागवला आहे.