तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडेल जड झाले की काय करावे

दांडिया बाजारात मी डिजिटल शिल्पकामाचे, म्हणजे ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मूर्ती घडवण्याचे, वर्ग घेते आणि गणेशोत्सवाच्या आधी मूर्तिकारांना थ्रीडी प्रिंटसाठी मॉडेल करून देते, त्यामुळे बडोद्यातली मुले आणि त्यांचे पालक मला एक प्रश्न नेहमी विचारतात: "ताई, ब्लेंडरमध्ये बारीक काम सुरू केले की लॅपटॉप अडकतो, ब्रश हाताच्या मागून येतो, चांगले ग्राफिक्स कार्ड घेऊ का?" बहुतेकांना मी "इतक्यात नको" असे सांगते, आणि त्याची कारणे तोंडी सांगण्यापेक्षा लिहिलेली बरी.

ब्रशचा, म्हणजे पडद्यावरच्या कोरणीचा, एक फटका मारला की त्याच्या वर्तुळाखाली आलेल्या मॉडेलच्या जाळ्यातल्या प्रत्येक बिंदूची नवी जागा काढावी लागते. ब्लेंडरमध्ये हा हिशेब मुख्यतः प्रोसेसर आणि रॅम यांच्या जिवावर चालतो, तर ग्राफिक्स कार्ड तयार झालेला पृष्ठभाग पडद्यावर दाखवते. झेडब्रश हे शिल्पकामाचे दुसरे सॉफ्टवेअर तर दाखवण्याचे कामही प्रोसेसरकडूनच करून घेते, म्हणून साध्या यंत्रावरही ते कोट्यवधी पॉलिगॉन (पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते छोटे तुकडे) पेलते. तेव्हा कार्ड बदलण्याआधी आपण प्रोसेसरवर किती ओझे टाकतो, आणि विशेषतः केव्हा टाकतो, हे पाहणे इष्ट.

मल्टिरेझोल्यूशन म्हणजे एकच मॉडेल ढोबळापासून बारीकपर्यंत पायऱ्यांत ठेवण्याची ब्लेंडरमधली सोय; तिच्यात प्रत्येक पायरीला पॉलिगॉन चौपट होतात. ६,००० पॉलिगॉनचे मॉडेल तिसऱ्या पायरीवर ३,८४,००० होते, पाचवीवर ६१,४४,००० आणि सहावीवर २,४५,७६,०००. रॅम भरली की संगणक डिस्कवर लिहू लागतो, आणि आपण ज्याला 'हँग होणे' म्हणतो ते बऱ्याचदा तेव्हाच घडते. पण माझ्या मते खरा घोटाळा आकड्याचा नसून क्रमाचा आहे. मुले उत्साहाने पहिल्याच दिवशी सहाव्या पायरीवर जातात, मुकुटाचे मणी कोरतात, आणि मग सोंडेचे वळण चुकल्याचे त्यांच्या लक्षात येते. आता ते वळण दुरुस्त करायला मोठा ब्रश घ्यावा लागतो, त्याच्याखाली लाखो बिंदू येतात आणि लॅपटॉप बसतो. स्मूथ ब्रश तर तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण तो प्रत्येक बिंदू त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकवतो, आणि इतक्या दाट जाळ्यात शेजारी एवढे जवळ असतात की दहा वेळा घासूनही उंचवटा हलत नाही. तोच उंचवटा दुसऱ्या पायरीवर उतरून दोन फटक्यांत बसतो, आणि पुन्हा वर गेल्यावर मुकुटाचे मणी जागच्या जागी असतात. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला मातीकाम शिकलेल्या मुलांना हे सांगावे लागत नाही; सळ्यांच्या सांगाड्यावर चढवलेल्या मातीचा घाट बसेपर्यंत कोरणीला हात लावायचा नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात आधीच मुरलेली असते.

व्होक्सेल रीमेशमध्ये, म्हणजे सगळे जाळे ठरावीक मापाच्या घनांवरून (व्होक्सेलवरून) नव्याने विणण्यात, अशा पायऱ्या नसतात, म्हणून तिथे आकडा आधीच ठरवावा लागतो. समजा, मूर्तीचा एकूण पृष्ठभाग २,००० चौरस सेंटिमीटर आहे. व्होक्सेल ०.२ मिलिमीटरचा ठेवला तर सुमारे ५० लाख पॉलिगॉन होतात आणि ०.१ चा ठेवला तर दोन कोटी. मूर्ती ज्या फिलामेंट प्रिंटरवर (प्लॅस्टिकची तार वितळवून थर रचणाऱ्या) काढायची त्याचे नोझल, म्हणजे प्लॅस्टिक बाहेर पडणारे तोंड, बहुधा ०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे वाढवलेल्या दीड कोटी पॉलिगॉनमधले जवळजवळ काहीही मूर्तीवर उमटणार नाही. द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणाऱ्या रेझिन प्रिंटरची गोष्ट वेगळी. तो बारीक काम उचलतो, आणि तिथे शेल्याच्या काठासाठी जास्तीचे पॉलिगॉन खर्च करणे योग्यच. मात्र व्होक्सेलचा आकार वस्तूच्या स्वतःच्या मापात मोजला जातो, म्हणून स्केल अप्लाय केल्याशिवाय (वस्तू लहानमोठी केल्याचे माप तिच्यात पक्के केल्याशिवाय) रीमेश करू नये, एरवी ०.२ म्हणून दिलेला आकडा भलतेच काही करून बसतो.

मूर्ती एकसंध ठेवण्याचा हट्टही मला पटत नाही. मुकुट, दागिने, उंदीर आणि आसन या वेगळ्या वस्तू ठेवाव्यात, एकावर काम करताना बाकीच्या लपवाव्यात, आणि एकाच वस्तूतही नको तो भाग लपवून काम करावे. इथे मास्कवर (ब्रश लागू नये म्हणून भाग झाकण्यावर) विसंबू नये, कारण मास्क केलेला भाग हलत नसला तरी पडद्यावर काढला जातोच. मल्टिरेझोल्यूशन सोडून इतर मॉडिफायर (मॉडेलवर आपोआप चालणारे बदल) शिल्प करताना बंद ठेवावेत. वायरफ्रेम (जाळ्याच्या रेषा) दाखवू नये, साधा सॉलिड व्ह्यू आणि मॅटकॅप (तयार छायाप्रकाश) ठेवावा, आणि दाट मॉडेलवर सहज म्हणून एडिट मोडमध्ये, म्हणजे एकेक बिंदू हाताळण्याच्या मोडमध्ये, डोकावू नये. मल्टिरेझोल्यूशनसाठी फास्ट नॅव्हिगेट चालू केले की मॉडेल फिरवताना तात्पुरते हलके रूप दिसते.

फाइल देताना आणखी एक अडचण येते. प्रिंटसाठी दिली जाणारी एसटीएल फाइल मॉडेल त्रिकोणांत साठवते, आणि तिच्या बायनरी प्रकारात प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात. ५० लाख चौकोनांचे एक कोटी त्रिकोण होतात आणि फाइल ५०० एमबीची होते, जी उघडताना प्रिंटवाल्याचा स्लायसर (मॉडेलचे प्रिंटसाठी थर पाडणारे सॉफ्टवेअर) मान टाकतो. डेसिमेट करून, म्हणजे आकार राखून त्रिकोण कमी करून, तीच मूर्ती १० लाख त्रिकोणांवर आणली तर फाइल ५० एमबीची होते, आणि बहुतेक मूर्तींत हातात घेतल्यावर फरक जाणवत नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न. पैसे असतील तर आधी रॅम १६ जीबी करावी, जमल्यास ३२. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापून आपला वेग आपणच कमी करतो, म्हणून तो टेबलावर, चार्जर लावून आणि पंख्याखाली वापरावा. ज्याला मूर्तीचे सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या खऱ्यासारखी चित्रे काढणाऱ्या भागात) रेंडर काढून गिऱ्हाइकाला दाखवायचे आहे, त्याने मात्र ग्राफिक्स कार्ड जरूर घ्यावे. तिथे त्याचे पैसे वसूल होतात.