जिम हॉलचा आवाज: १९६२ ते १९७५ हा टप्पा पुरा

मंडळी, अमेरिकन जाझ गिटारवादक जिम हॉलच्या गिटारच्या आवाजाचा अभ्यास चालू आहे त्यातला मधला टप्पा हातावेगळा झाला. त्याआधीचा काळ, म्हणजे १९५५ पासून तो ड्रमर चिको हॅमिल्टनच्या पंचकात लेस पॉल कस्टम ही भरीव अंगाची गिटार वाजवायचा तो, मी भराभर ऐकून पुढे सरकलो. चेलो आणि बासरीच्या गर्दीत गिटारच्या आवाजावर बोलण्यासारखं थोडंच हाती लागतं.

खरी गंमत गिब्सन ईएस-१७५ या पोकळ अंगाच्या गिटारपासून. हॉलने ती हॉवर्ड रॉबर्ट्स या गिटारवादकाकडून वापरलेलीच घेतली होती. सोळा इंची अंग, वरची तबलीसुद्धा प्लायच्या मेपलची, आणि तेव्हा तिच्यावर एकच पी-९० पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा एका कॉइलचा भाग. जोडीला गिब्सनचाच जीए-५० हा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प. प्लायची तबली भरीव लाकडाच्या तबलीइतकी थरथरत नाही, त्यामुळे फीडबॅकचा (आवाज फिरून पिकअपमध्ये शिरून घुमण्याचा) त्रास कमी. आणि पोकळ अंगामुळे आस, म्हणजे सूर टिकण्याचा वेळ, आखूड. हॉलच्या सुरांमध्ये जी मोकळी जागा ऐकू येते, तिच्यात या आखूड आसेचा वाटा आहे असं माझं ठाम मत झालंय.

१९६२ च्या दोन रेकॉर्ड आलटून पालटून ऐकल्या. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सच्या ‘द ब्रिज’मध्ये पियानोच नाही, म्हणून कॉर्डची सगळी जबाबदारी हॉलवर, आवाज गोल, भरलेला. पियानोवादक बिल एव्हान्सबरोबरच्या ‘अंडरकरंट’मध्ये फक्त पियानो आणि गिटार, ना बेस ना ड्रम. तिथला आवाज कोरडा आणि जवळचा. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’मध्ये एव्हान्सचा सोलो सुरू झाला की हॉल मागे चार-चार मात्रांचा ठेका कॉर्डनी धरतो. हा भाग हेडफोनवर, डोळे मिटून ऐका. अ‍ॅम्प मागे सरकतो आणि पिक तारेवर घासल्याचा नुसता लाकडी आवाज पुढे येतो. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) तारा, बंद जवारीच्या सतारीसारख्या: झणकार नाही, पण सुराचं तोंड स्वच्छ. माझ्या लेखी जाझ गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये याहून सुंदर साथ नाही.

आता मुख्य तुलना. ‘आय हिअर अ ऱ्हॅप्सडी’ ही चीज ‘अंडरकरंट’वर आहे आणि १९७५ च्या ‘जिम हॉल लाइव्ह!’वरही, जी टोरांटोच्या बर्बन स्ट्रीट क्लबमध्ये डॉन थॉम्पसन (बेस) आणि टेरी क्लार्क (ड्रम) यांच्याबरोबर वाजवली गेली. माणूस एक, चीज एक, मध्ये तेरा वर्षं. शिवाय मधल्या काळात १७५ वरचा पी-९० जाऊन हंबकर बसलेला. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट जोडलेले असतात, त्यामुळे गुणगुण मरते. आणि पिकअप तारेचा जरा लांब तुकडा ‘ऐकतो’, म्हणून सर्वात वरचे स्वरांश फिके होतात. तेवढा फरक टोरांटोत स्पष्ट ऐकू येतो: वरचा भाग मऊ, मधला दाट. पण पिकचा स्पर्श? तो हरवलेला नाही. उलट तिथे तो अधिकच बारीक झालाय, कारण हॉल अ‍ॅम्प इतका हळू ठेवतो की तार जोरात छेडायची गरजच उरत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हॉलची ‘कॉन्सिएर्तो’ ही रेकॉर्ड झाली. ती लागोपाठ लावा. तिच्यातल्या जवळजवळ एकोणीस मिनिटांच्या ‘आरांहुएस’मध्ये (मूळ रॉद्रिगोची गिटारसाठीची रचना) गिटारभोवती प्रतिध्वनीची झालर आहे. टोरांटोत ती नाही. दोन्हींमध्ये अवघ्या दोनेक महिन्यांचं अंतर. म्हणून कुणी फक्त रेकॉर्ड ऐकून ‘पिकअप बदलला म्हणून आवाज बदलला’ म्हणालं, तर मला पटत नाही. खोली आणि इंजिनिअर यांचा वाटा आधी वजा करायला हवा. पिकअपपेक्षा अ‍ॅम्प किती हळू आणि उजवा हात किती हलका, याच गोष्टी तेरा वर्षं त्याचा आवाज त्याचा ठेवतात.

माझ्याकडच्या आर्चटॉपवर (फुगीर तबलीच्या गिटारवर) हे तपासून बघायचं आहे, आणि इथे वेंगुर्ल्याचा खारा वारा आडवा येतो. आषाढात पहिल्या दोन साध्या तारा सर्वात आधी गंजतात. फ्लॅटवाउंडच्या गुळगुळीत पट्टीत मळ कमी साचतो, पण वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय त्याही टिकत नाहीत. वरची तबली दमट हवेत फुगली की तारा उंच होतात, बोटाचा जोर वाढतो आणि आवाजाचं तोंडच बदलतं. असल्या दिवसांत केलेली नोंद तुलनेला कामाची नाही. शिवाय कौलांवर पाऊस पडत असताना हळू अ‍ॅम्पसमोर माइक लावणं व्यर्थ. म्हणून पावसाळाभर ऐकणं, लिहिणं. आणि दिवाळीनंतर पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) वारा सुटला, हवा कोरडी झाली की रेकॉर्डिंग. माइक एक अ‍ॅम्पजवळ, एक गिटारच्या तबलीसमोर, आणि दोघांचं प्रमाण थोडं थोडं बदलत ‘अंडरकरंट’च्या साथीपर्यंत पोचायचा प्रयत्न.

तोवर पुढचा टप्पा सुरू करतोय: डी’अ‍ॅक्विस्टोची हाताने घडवलेली गिटार, मग सॅडोस्की या दुसऱ्या कारागिराची, आणि १९९९ ची गिटारवादक पॅट मेथेनीबरोबरची रेकॉर्ड. तुमच्यापैकी कुणाकडे ‘जिम हॉल लाइव्ह!’ची जुनी एलपी असेल तर ‘अँजल आइज’मधली सुरुवातीची गिटारची जागा ऐकून सांगा: तारेचा लाकडी आवाज तिथे सीडीपेक्षा जास्त पुढे आहे का? मला सीडीवरून ठरवता येत नाहीये.