बीप

तेव्हा मी एका मराठी न्यूज चॅनेलला व्हिडिओ एडिटर होतो. २४ ऑगस्ट २०२२, पावसाळी अधिवेशन चालू, आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर सत्ताधारी आणि विरोधी आमदारांची चक्क धक्काबुक्की झाली. फीड आलं तसा डेस्कवर वाद, विरोधकांची 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा बीप करायची का? खोका म्हणजे एक कोटी हे आमच्या चहावाल्यालाही माहितीये, पण आउटपुटवाले, म्हणजे ऑन एअर काय जायचं ते ठरवणारे, म्हणाले खोका म्हणजे पुठ्ठ्याचा, जाऊ दे.

महिन्याभरापूर्वीच लोकसभेच्या असंसदीय शब्दांची पुस्तिका गाजली होती, जुमलाजीवी, शकुनी, बालबुद्धी वगैरे, (मग लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लांनी सांगितलं की बंदी कुठल्याच शब्दावर नाही) आणि कुणीतरी त्या यादीची प्रिंट एडिट रूमच्या दारावर चिकटवली होती, गंमत म्हणून. आमची स्वतःची यादी सोपी, आईबहीण आली की बीप. तोही कसा, तर पहिलं अक्षर ऐकू येईल असा, म्हणजे शिवी दिलीच नाही आणि पोचली पण.

रात्री नऊच्या डिबेटमध्ये दोन प्रवक्ते जुंपले. अकराच्या रिपीटसाठी मी दोन बीप टाकले, एक्सपोर्ट लावणार तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि ते बांगड्यांचं ठेवलंस होय रे?" मेकअपच्या ताई. ड्रॉपची गाडी यायची होती म्हणून माझ्या मागच्या खुर्चीत बसून डबा खात होत्या. एक प्रवक्ता दुसऱ्याला म्हणाला होता, "जमत नसेल तर बांगड्या भरा." मी चार वेळा ऐकलं होतं ते, सिंक बघत, आणि खरं सांगतो, मला काहीच खटकलं नव्हतं. त्याच माणसाला संध्याकाळी ताईंनीच पावडर लावली होती, हिरव्या बांगड्यांच्या हातांनी.

आउटपुटला विचारलं तर म्हणे, अरे ती शिवी थोडीच आहे, बोलायची पद्धत आहे, आणि प्रोमो त्याच वाक्यावर कापलाय. स्क्रीनवर बघितलं तर खरंच, लाल पट्टीत 'बांगड्या भरा!'

प्रोमो माझ्या हातात नव्हता. रिपीट होता. चार सेकंद काढले, वर ठेवायला दुसरा शॉटही नव्हता त्यामुळे त्या प्रवक्त्याची मान एकदम डावीकडून उजवीकडे उडाली.

सकाळी विचारणा झाली, जंप कसा आला? म्हटलं, फीडच तुटलं होतं.